शाल, श्रीफळ आणि शहाळं

भूकंप पुन्हा झाला कच्छात आणि झोप उडाली बडोद्याची. आमच्याकडे नुसते पंखे हलले. कारेलीबागेतल्या उंच बिल्डिंगांमधली माणसं होती त्या कपड्यांत खाली उतरली, पुन्हा वर गेली, आणि टीव्हीवर तिकडचे ढिगारे दिसायला लागल्यावर सगळ्यांना एकदम काहीतरी करायचं सुचलं. दुपारपर्यंत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये इतक्या चादरी जमल्या की कच्छातल्या उंटांनाही पुरून उरल्या असत्या. हे मी चिडूनच लिहितेय. मदत म्हणजे चादर आणि खाखऱ्याची पाकिटं, यापुढे आपली अक्कल जात नाही. ढिगाऱ्यातून माणूस जिवंत निघाला की टीव्हीवाले टाळ्या वाजवतात आणि कॅमेरा दुसरीकडे वळवतात. त्या माणसाचं पुढे काय होतं हे कुणी विचारत नाही.

मी सांगते. भिंतीखाली चेपलेला पाय मोकळा केला की त्यातल्या मेलेल्या स्नायूंचं विष रक्तात उतरतं आणि किडन्या बंद पडतात. दगडाखालून वाचलेला माणूस मग हॉस्पिटलच्या स्वच्छ कॉटवर मरतो. त्याला वाचवायचं तर डायलिसिसचं मशीन लागतं, आणि तेही किडन्या पुन्हा चालू होईपर्यंत सारखं लागतं. मी एका धर्मादाय ट्रस्टच्या डायलिसिस सेंटरची इन्चार्ज टेक्निशियन. आमच्याकडे सहा मशीनं आहेत आणि सकाळपासून रात्रीपर्यंत त्यांतलं एकही रिकामं नसतं.

राजकोट भरलं, अहमदाबाद भरलं आणि मग कलेक्टर ऑफिसच्या मदत कक्षातून फोन आला. "बेन, केटलां मशीन आपशो?" मी म्हटलं, एकही नाही, सगळ्यांवर आमचे नेहमीचे पेशंट आहेत. तिकडचा माणूस बिचारा दोन दिवस झोपला नसावा. त्याने आवाजही चढवला नाही. सकाळी आठ जण निघालेत, संध्याकाळी बडोद्यात पोचतील, एवढंच सांगून त्याने फोन ठेवला. माझ्या हातातला चहा तसाच गार झाला.

मार्ग एकच होता. आमचे पेशंट आठवड्यातून तीनदा येतात. ज्यांचे रिपोर्ट बरे आहेत त्यांनी या आठवड्यात एक वेळ सोडली तर कच्छवाल्यांना जागा होणार होती. आमच्या डॉक्टर श्रद्धा म्हणाल्या, होऊ शकतं, पण पथ्य कडक हवं. पाणी नेहमीपेक्षा कमी, फळं बंद, टोमॅटो-बटाटा बंद, आणि पोटॅशियम ओढून घेणारी पावडर रोज. वेळ चुकली की रक्तात पोटॅशियम साठतं, ते वाढलं की हृदय थांबतं. आधी सांगून-सवरून थांबत नाही, उभ्या उभ्या थांबतं.

आता हे पेशंटना सांगायचं कसं? ज्याला जगण्यासाठी आठवड्यातून तीनदा सुया टोचून घ्याव्या लागतात त्याला म्हणायचं, या आठवड्यात दोनदाच जगा. मी घरी जेवता जेवता फोन लावायला सुरुवात केली. कुणी म्हणालं मुलाला विचारतो, कुणी म्हणालं आमच्या सोसायटीने चादरी दिल्यात. सुभानराव म्हणून आमचे एक जुने पेशंट आहेत, तोंडाने फटकळ. ते म्हणाले, "माझा जीव म्हणजे काय जुनी चादर आहे, देऊन टाकायला?" त्यांचं बरोबर होतं. त्यामुळे मी आणखीच भडकले आणि काहीतरी तोडून बोलले.

समोर माझे सासरे बसले होते. श्रीकृष्ण त्यांचं नाव, आम्ही त्यांना आबा म्हणतो. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आणि गेली कित्येक वर्षं माझेच पेशंट, चार नंबरच्या मशीनवरचे. त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"तुला मागता येत नाही, रसिका," ते म्हणाले. "तू मागतेस म्हणजे हुकूम सोडतेस. बाजूला सर, मला लावू दे."

आणि त्यांनी लावले. गुजरात्यांशी गुजरातीत, मराठी माणसांशी मराठीत, जणू गणपतीची वर्गणी गोळा करायला निघालेत. मी बुधवारची दिली, तुमची कितीची पावती फाडू, अशी सुरुवात. एकाची चेष्टा केली, एकाच्या नातवाची चौकशी केली, एकाला सरळ म्हणाले की आपण रांगेतली म्हातारी माणसं आहोत, पुढे एखादी तरणी पोर उभी राहिली तर काय बिघडतं. सुभानरावांशी तासभर भांडले. शेवटी सुभानराव म्हणाले, श्रीकृष्ण मरायला तयार आहे तर मी मागे राहायला नको, घे माझी पण. संध्याकाळी पहिली अँब्युलन्स येईपर्यंत मला हव्या तेवढ्या वेळा मिळाल्या होत्या. सगळ्या आबांच्या शब्दावर मिळालेल्या.

मी पथ्याचा मेसेज पेशंटच्या ग्रुपवर टाकला. पुन्हा टाकला. दिवसातून सहा वेळा टाकत राहिले. फळं नाही, सुका मेवा नाही, नारळपाणी तर अजिबात नाही, किडनीच्या पेशंटला ते विष आहे. आमच्या त्या ग्रुपवर लोक सकाळी फुलांचे फोटो पाठवतात, त्यात माझे मेसेज वाहून जायचे. आबा म्हणायचे की तुझे मेसेज वाचले की माणसाला गुन्हेगार असल्यासारखं वाटतं.

घरात त्यांचं पाणी मीच मोजते. सकाळी एका स्टीलच्या बाटलीत भरून देते, दिवसभराचं तेवढंच. त्यांनी कधी वर एक घोट मागितला नाही. उन्हाळ्यात चूळ भरून टाकतात, ओठ ओले करतात, बस. त्यांना सवय झालीय असं मी धरून चालले होते.

पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. मदत कक्षाचा फोन, अँब्युलन्सवाल्याचा फोन, मध्येच पाणी शुद्ध करणारा प्लांट बिघडला, मध्येच पुन्हा मोठा धक्का येणार अशी अफवा उठली आणि निम्मे नातेवाईक बाहेर रस्त्यावर पळाले. मशीनला जोडलेला माणूस कुठे पळणार? त्यांच्याजवळ मी आणि माझ्या दोन नर्सेस उभ्या राहिलो. माझा नवरा उन्मेष नंदेसरीच्या फॅक्टरीत आहे, त्यांचं बचाव पथक कच्छला गेलं होतं, त्यात तोही. तिकडून तो माणसं काढत होता आणि इकडे मी त्यांना मशीनवर घेत होते. आमचं एकमेकांशी बोलणं मात्र दोन दिवसांत एकदाच झालं.

चार नंबरवर बुधवारी जीवुबेनला घेतलं. तिशीची बाई, घराची तुळई दोन्ही मांड्यांवर पडलेली. तिचा भाऊ दरवाजाबाहेर उकिडवा बसून राहायचा, काही विचारायचा नाही. ती बुधवारची वेळ आबांची होती हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं. मला पाहिलं की तो उठून उभा राहायचा आणि मला उगीचच अवघडायला व्हायचं. जीवुबेनला शुक्रवारी दुपारी पुन्हा घ्यायचं ठरलं, आणि तिच्यानंतर संध्याकाळी आबांना.

आता जयवंतरावांकडे यायला हवं. हे आमच्या सोसायटीच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, त्यामुळे यांच्या बोलण्याला अजून दरबारी वळण आहे. माणूस मनाचा मोठा, पण सत्कार झाल्याशिवाय या जगात कुठलंही काम पूर्ण होत नाही अशी त्यांची ठाम समजूत आहे. कुणाचा नातू बारावीला पास झाला, शाल. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, श्रीफळ. गुरुवारी त्यांचा फोन आला की श्रीकृष्णरावांचा छोटासा गौरव करायचाय. मी म्हटलं, करा बापडे, मला यायला जमणार नाही. मला वाटलं दोन भाषणं होतील आणि फोटो निघेल. त्यापुढे मी विचार केला नाही, कारण त्याच क्षणी दारात अँब्युलन्स लागली होती.

आबांचा आयुष्यात कधी सत्कार झाला नव्हता. ज्या दिवशी रिटायर झाले त्या दिवशी माझ्या सासूबाई हॉस्पिटलमध्ये होत्या, त्यामुळे निरोपाचा समारंभ राहून गेला तो गेलाच. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यासाठी शिवलेला कोट कपाटात तसाच होता. गुरुवारी तो त्यांनी घातला, असं शेजारच्या अहल्याकाकूंनी मला नंतर सांगितलं.

रात्री मी घरी आले तेव्हा ते झोपले होते. सकाळी निघताना पाहिलं तर देवापुढे नारळ आणि खुर्चीवर घडी घातलेली शाल. आबा जरा गप्प होते. दमलोय म्हणाले. मी म्हटलं, संध्याकाळी येताय ना, तोवर पडून राहा. आणि पाण्याची बाटली भरून ठेवून निघाले.

अकराच्या सुमाराला अहल्याकाकूंचा फोन आला. आबांना खुर्चीतून उठताच येत नव्हतं, पाय आपले नाहीतच म्हणत होते. मी त्यांना तसंच रिक्षात घालून आणायला सांगितलं. पाय जड होणं म्हणजे रक्तात पोटॅशियम चढणं, हे मला पुस्तक न उघडता माहीत आहे. ते आले तेव्हा चेहरा मातीसारखा झाला होता. कार्डिओग्राम काढला आणि डॉक्टर श्रद्धांनी कागदाकडे पाहून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी लगेच इंजेक्शन दिलं.

"याने तासभर निभेल," त्या म्हणाल्या. "त्याच्या आत मशीनवर हवेत."

पाच मशीनांवर माणसं नुकतीच लागली होती. चार नंबर धुऊन तयार होतं, जीवुबेनसाठी. तिचा स्ट्रेचर दारापर्यंत आला होता. डॉक्टरांनी तिचे सकाळचे रिपोर्ट पुन्हा पाहिले, ती दोन तास थांबू शकेल, आबा थांबू शकणार नाहीत असं सांगितलं, आणि निर्णय त्यांनी घेतला. तो बरोबरच होता. पण स्ट्रेचर मागे न्यायला मला सांगावं लागलं. तिचा भाऊ भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने हात जोडले आणि स्वतःच स्ट्रेचर मागे ओढला. बाहेर बसलेले आमच्या जुन्या पेशंटांचे नातेवाईक मात्र एकमेकांकडे बघत होते. ते काय म्हणत असतील ते मला ऐकू न येताही कळत होतं. इन्चार्जबाईच्या सासऱ्यांना मशीन, आणि आम्ही दिलेली वेळ गेली कुठे?

सुया लावताना मी आबांना विचारलं, काय खाल्लं? काही नाही म्हणाले. पावडर घेतली होती का? घेतली. मग हे एवढं वाढलं कसं? अशक्तपणा असेल म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. मशीन सुरू झालं, रक्त नळीतून फिरायला लागलं, आणि मी पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत उभी राहिले. बाहेर फोन वाजत होते. मला तिथून हलता येत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं.

अर्ध्या तासाने त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी डोळे उघडले.

"रसिका, बाकीच्यांना आज देणार आहेत."

"काय देणार आहेत? कोण?"

"जयवंतराव. शाल, श्रीफळ." मग ते थांबले. "आणि शहाळी. खंडेराव मार्केटातून मोठी रास आणलीय. आजारी माणसांनी त्याग केला, त्यांना शक्ती यायला हवी म्हणून. मला काल दिली. बाकीच्यांच्या घरी आज जाणार आहेत."

ज्यांनी ज्यांनी आपली वेळ सोडली, त्या सगळ्यांच्या दारात आज आमचं मंडळ प्रेमाने विष घेऊन उभं राहणार होतं. आजाऱ्याला भेटायला जायचं तर शहाळं न्यायचं, हे आपल्याकडे आईच्या दुधाबरोबर शिकवतात. जयवंतरावांना दोष द्यायला तोंड उघडावं तर मी स्वतः कितीदा नेलंय.

मी त्यांना फोन लावला. उचलला नाही. ते कुठल्याही समारंभात फोन बंद ठेवतात आणि इतरांनाही ठेवायला लावतात. मग एकेका पेशंटला लावत सुटले. एकीच्या सुनेने सांगितलं, आत्ताच देऊन गेले, फ्रिजमध्ये ठेवलंय, बा उठल्या की देते. एक जण म्हणाले, बेन, ही तर कुदरती वस्तू, याने काय होणार. सुभानरावांनी माझं अर्धंच ऐकून घेतलं. त्यांच्याकडे शहाळं फोडून तयार होतं. "तू आधी वेळ काढून घेतलीस, मग पाणी काढून घेतलंस," ते म्हणाले. "आता घरी कुणी मानाने काही आणून दिलं तर तेही तुझ्या डोळ्यांवर येतं." आणि त्यांनी फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेनात. ग्रुपवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्याखाली लगेच कुणीतरी गुलाबाचं फूल टाकलं.

आबा हे सगळं ऐकत होते.

"फोन इकडे कर," ते म्हणाले.

"तुम्ही बोलायचं नाही. पडून राहा."

"तुझं कोणी ऐकत नाहीये ना? मग माझं ऐकतील. माझ्या शब्दावर त्यांनी वेळ दिली होती."

मी ग्रुप उघडून फोन त्यांच्या तोंडाशी धरला. सुरुवातीला त्यांचा नेहमीचा वर्गणीवाला सूर लागला, पण तो टिकला नाही.

"मी श्रीकृष्ण बोलतोय, चार नंबरवाला. काल माझा सत्कार झाला. आयुष्यातला पहिला. तिथे मी शहाळं प्यायलो. आज सकाळी माझं हृदय थांबायला आलं होतं. आत्ता मी मशीनवर आहे, आणि ही वेळ त्या कच्छच्या मुलीची आहे. जी दिली म्हणून मला शाल घातली, तीच मी परत घेऊन बसलोय. तुमच्या घरी शहाळं आलं असेल तर ते पिऊ नका. आणि माझ्याकडे बघून आपली वेळ परत मागू नका."

मला वाटलं संपलं, मी फोन बाजूला घ्यायला गेले. त्यांनी दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं.

"मी सगळ्यांना सांगणार होतो की आग्रह झाला म्हणून घेतलं. तसं नाही. पहिलं आग्रहाने घेतलं, दुसरं मी मागून घेतलं. मला माहीत होतं काय होतं ते. ही पोरगी दिवसातून सहा वेळा सांगते. पण मला तहान लागली होती. आज नाही, किती वर्षं लागलीय. घरी बोलत नाही. बोलून सून काय करणार? तिला मोजूनच द्यावं लागतं. तुम्हालाही लागत असेल तर सांगा, पण पिऊ नका. एवढंच."

मी मेसेज पाठवला आणि उगीचच त्यांचं ब्लडप्रेशर तपासलं. ते आत्ताच तपासलं होतं. मला रडू येत होतं आणि रडायला जागा नव्हती, दोन नंबरचा अलार्म वाजत होता. तो बंद करून परत आले तेव्हा फोनवर पहिलं उत्तर आलं होतं. सुभानरावांचं. एकच शब्द होता.

"मलाही."

मग गुजरातीत आलं, मने पण. मग आणखी एक. मग ज्या कधी काही लिहीत नाहीत त्या बांचं, बहुतेक सुनेने लिहून दिलेलं, की मला तर स्वप्नात माठ दिसतो. कुणी लिहिलं रोज, कुणी लिहिलं रात्री जास्त. फुलांचे फोटो कुठच्या कुठे गेले. वर्षानुवर्षं मी या माणसांचं वजन करते, पाणी मोजते, चुकलं की ओरडते, आणि यांतलं एक अक्षर मला कुणी बोललं नव्हतं. थोड्या वेळाने सुभानरावांनी आणखी लिहिलं की शहाळं वॉचमनला दिलं, वेळ परत नको. त्याखाली एकामागून एक तसंच येत गेलं. एक जण अर्धं प्यायला होता, त्याला मी ताबडतोब बोलावून घेतलं. त्याचा कार्डिओग्राम ठीक निघाला.

जयवंतराव धापा टाकत सेंटरवरच आले. त्यांनी तो मेसेज कुणाच्या तरी घरी, हातात शाल घेऊन उभे असतानाच ऐकला होता. उरलेल्या शहाळ्यांचं काय करू, एवढं त्यांनी कसंबसं विचारलं. मला चार शब्द ऐकवायचे होते, मघापासून तयार ठेवले होते. पण त्यांच्याकडे बघून ते निघेनात. मी म्हटलं, बाहेर अँब्युलन्सचे ड्रायव्हर आहेत, रात्रभर गाडी चालवून आलेत, त्यांना द्या. ते गेले आणि स्वतः कोयता घेऊन बसले.

दोन तास झाले. डॉक्टर श्रद्धा म्हणाल्या, एवढ्याने आज भागेल, उद्या पुन्हा घेऊ. मी आबांच्या सुया काढल्या, हात दाबून धरला, त्यांना बाहेरच्या बाकावर आणून बसवलं. जीवुबेनचा भाऊ सरकून त्यांना जागा करून देत होता. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, कोपऱ्यात भेगा होत्या. त्या रोजच असणार. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"आबा, तहान लागलीय?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"लागलीय."

"आत्ता नाही देता येणार."

"माहीत आहे," ते म्हणाले. "विचारलंस, बरं वाटलं."

मी उठले आणि आत गेले. चार नंबर धुऊन झालं होतं, जीवुबेनला घ्यायचं होतं.